आपली हजेरी आपणच घ्यायची!

‘घरबसल्या पदवी मिळवा! हजेरीची सक्ती नाही!’ अशी जाहिरात दिसली की बारावीनंतर लग्न झालेल्या, नाहीतर एफ. वाय.लाच कॉलेज सुटलेल्या कितीतरी जणींच्या मनात पुन्हा पालवी फुटते. धुणीभांडी, पोरांचे डबे, सासूबाईंची औषधं, दुकान किंवा शेत, हे सगळं सांभाळून आपल्या सवडीनं शिकायचं. आणखी काय हवं? फॉर्म भरला जातो, पुस्तकांचं बाड घरी येतं, चार दिवस कौतुकानं चाळलंही जातं. मग गौरी-गणपती येतात, पाठोपाठ नवरात्र, दिवाळी... आणि ते बाड कपाटावर जातं ते जातंच!

असं का होतं? बाई आळशी असते म्हणून? मुळीच नाही. ‘आपल्या सवडीनं’ या शब्दातच खरी गोम आहे. बाईला घरात सवड असते कुठे? ‘मी अभ्यास करतेय’ म्हटलं की ‘अगं, तेवढा चहा टाक आणि मग कर’ हे ठरलेलं. पण ‘उद्या माझा पेपर आहे’ म्हटलं की तेच घर जरा वेगळं वागतं. पेपरला तारीख असते आणि तारखेला घरदार मान देतं.

म्हणूनच मैत्रिणींनो, या शिक्षणातले नियम नीट वाचा. ते आपल्याला अडवायला नसतात. घराकडून आपला वेळ मागून घ्यायला त्यांच्यासारखा आधार नाही.

महाराष्ट्रात या शिक्षणाचं दार मोठं उघडलं ते १९८९ मध्ये. नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं, राम ताकवले पहिले कुलगुरू झाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद ठरलं. या विद्यापीठाचं विभागीय केंद्र आपल्या कोल्हापुरातही आहे. शिवाय शिवाजी विद्यापीठाचं दूरशिक्षण केंद्र आहे, दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ म्हणजे ‘इग्नू’ आहे, आणि २०१७ पासून ‘स्वयम्’ या सरकारी योजनेतले मोबाईलवर शिकता येणारे कोर्सही आहेत.

आता हजेरीचं बघू. नेहमीच्या कॉलेजात ७५ टक्के हजेरीचा धाक असतो, तो इथे सहसा नाही. अभ्यासकेंद्रावरची रविवारची संपर्कसत्रं बहुतेक विषयांना ऐच्छिक असतात. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘सगळ्या’ नव्हे! ज्या शिक्षणक्रमाला प्रात्यक्षिक आहे, प्रयोगशाळा आहे, तिथे हजेरी लागतेच. म्हणून प्रवेश घ्यायच्या आधीच विचारा : सक्तीचे दिवस किती? कुठे? सलग की सुट्टे? गडहिंग्लज किंवा आजऱ्याहून येणाऱ्या बाईसाठी ‘सलग’ म्हणजे चार दिवस घराबाहेर राहायची व्यवस्था, हे लक्षात असू द्या.

गुणांचं गणितही सुरुवातीलाच समजून घ्यायला हवं. इग्नूच्या बी. ए.ला साधारण ३० टक्के वजन स्वाध्यायांना म्हणजे असाइनमेंटना आणि ७० टक्के सत्रांत परीक्षेला असतं. दोन्हींत स्वतंत्रपणे पास व्हावं लागतं. स्वाध्यायात भरघोस मार्क मिळाले म्हणून पेपरात कमी पडलेले चालत नाहीत आणि पेपर छान गेला म्हणून स्वाध्याय माफ होत नाही. ‘स्वयम्’मधल्या एनपीटीईएलच्या कोर्सना दर आठवड्याला प्रश्न सोडवायचे असतात. बारा आठवड्यांतले चांगले आठ धरून त्याचे २५ गुण आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेचे ७५. त्यात २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० मिळाले तरच प्रमाणपत्र. बारातले चार आठवडे सोडून द्यायची ही मुभा म्हणजे आपल्यासाठी वरदानच! पोरगं तापानं फणफणलं, घरात लग्न निघालं, तर तो आठवडा त्यात बसतो. मात्र मुदत टळल्यावर ‘एवढं घ्या की, सर’ म्हणून चालत नाही. तिथे सर नसतात, संगणक असतो.

आणि वेळ? एक श्रेयांक म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. तीन वर्षांच्या पदवीला नव्या आराखड्यात किमान १२० श्रेयांक, म्हणजे ३,६०० तास. तीन वर्षांतच संपवायचं तर रोज सव्वातीन तास द्यावे लागतील. पण इग्नूत बी. ए. पूर्ण करायला सहा वर्षांपर्यंत मुदत मिळते. सहा वर्षांत वाटलं तर तेच रोज दीड-पावणेदोन तासांवर येतं. हा हिशेब कागदावर मांडून घरच्यांना दाखवा. ‘मला शिकायचंय’ यापेक्षा ‘मला दुपारी दोन ते पावणेचार लागतील’ हे सासूबाईंना लवकर पटतं. एखादी आत्याबाई तर स्वतःच जावेला दटावतील, ‘अगं, तिचं कालीज हाय आता, हाक मारू नगो!’

कॅलेंडरही हाताशी ठेवा. इग्नूच्या सत्रांत परीक्षा साधारण जून आणि डिसेंबरात असतात. जून म्हणजे पोरांच्या शाळा सुरू व्हायचे दिवस, वह्या-पुस्तकं, गणवेश, त्यातच वटपौर्णिमा. डिसेंबर म्हणजे मार्गशीर्षातले गुरुवार आणि लग्नसराई. विद्यापीठानं काही आपल्या सणावारांकडे बघून तारखा ठरवलेल्या नसतात, तेव्हा आपणच चार महिने आधी बघायला हवं. परीक्षेचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, हेही विसरू नका. प्रवेश घेतला म्हणजे परीक्षेला आपोआप नाव लागलं, असं समजून वर्ष घालवणाऱ्या बऱ्याच जणी असतात.

आता जरा अवघड विषय, वागण्याच्या नियमांचा. स्वाध्याय स्वतः लिहायचा, स्वतःच्या अक्षरात. बाजारात तयार उत्तरं विकत मिळतात, कुणी भाचीकडून लिहून घेतं, आता तर मोबाईललाच सांगितलं की तो निबंध लिहून देतो. एकसारखी उत्तरं सापडली तर स्वाध्याय नाकारला जातो. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध तर महाराष्ट्रात १९८२ पासून कायदाच आहे. पण भीतीचं राहू द्या. चाळिशीत पुन्हा पेन हातात घेतलं ते कशासाठी? उत्तर दुसऱ्यानं लिहिलं तर शिकलं कोण? आपलीच मुलगी समोर बसून हे बघत असते, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

आणि प्रवेशाआधी एक खात्री कराच. संस्थेला विद्यापीठ अनुदान आयोगाची त्या शिक्षणक्रमासाठी मान्यता आहे ना? मान्यता असेल तर दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते, हे आयोगानं २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. मात्र इंजिनिअरिंग, वैद्यकीय, नर्सिंग, कायदा असे शिक्षणक्रम दूरस्थ चालत नाहीत. तसं कुणी देतो म्हणालं तर दोन हात लांबच राहा.

आपल्या करवीर नगरीला हजेरीचा विषय काही नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळचा एक रुपया! आणि १९१८ मध्ये राजपुत्र शिवाजी गेले, तेव्हा याच महाराजांनी विधवा सून इंदुमतीदेवींच्या शिक्षणाची सोनतळीला सोय केली, सोबतीला इतर मुलीही ठेवल्या. सुनेनं शिकावं म्हणून खुद्द सासऱ्यांनी जागा, वेळ आणि सोबत, तिन्ही दिलं.

आजच्या सुनेला दंड करणारं कुणी नाही आणि सोनतळीही नाही. पण त्या तीन गोष्टी आजही लागतात. जागा म्हणजे स्वयंपाकघरातला एक कोपरा चालेल. वेळ वरच्या हिशेबानं मागून घ्या. सोबत म्हणजे गल्लीतली दुसरी एखादी, जिचंही शिक्षण असंच सुटलंय. दोघींनी मिळून फॉर्म भरा, एकमेकींचे स्वाध्याय लिहू नका, पण झाले का ते रोज विचारा. कॉलेज हजेरी घेत नसेल तर मैत्रिणीनं घ्यावी. आणि परीक्षेचं वेळापत्रक आलं की ते फ्रीजवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, सगळ्यांना दिसेल असं लावा!