रुग्णवाहिका हवी, पण कोणती?

मैत्रिणींनो, नवा कुकर घ्यायचा झाला तर आपण केवढी चौकशी करतो! तीन लिटरचा की पाच लिटरचा, झाकण आतून की बाहेरून, शिट्टी सुटी मिळते का. दुकानदाराला अगदी भंडावून सोडतो. पण घरातले माणूस एकाएकी अत्यवस्थ झाले, की फोन उचलून एवढेच म्हणतो, "अहो, लवकर गाडी पाठवा हो!" कोणती गाडी, तिच्यात काय आहे, मागे रुग्णाजवळ कोण बसणार, काही म्हणून विचारत नाही. विचारायचे असते हेच मुळी आपल्याला कुणी सांगितलेले नसते.

शिवाय ही वेळ येते तेव्हा घरात बहुधा आपणच असतो. यजमान कामावर, मुले शाळेत आणि घरी आपण नि सासूबाई. "गाडीचे वगैरे पुरुषमाणसे बघतील" असे म्हणून भागत नाही. म्हणून हा विषय आज स्वयंपाकघरात बसून, शांत डोक्याने समजून घेऊ या.

बाहेरून सारख्या, आतून निराळ्या

रस्त्यावरून जाणारी रुग्णवाहिका आपल्याला एकसारखीच दिसते. पांढरा रंग, वर दिवा, पाठीमागे स्ट्रेचर. जुन्या काळी तिचे काम खरोखरच तेवढे होते: रुग्णाला उचलायचे आणि इस्पितळात पोचवायचे. उपचार सुरू व्हायचे ते तिथे पोचल्यावर. ही कल्पना बदलणाऱ्यांपैकी एक होते आयर्लंड बेटावरच्या बेलफास्ट शहरातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. फ्रँक पँट्रिज. हृदयविकाराचे कितीतरी रुग्ण इस्पितळाच्या दारात पोचण्याआधीच दगावतात हे पाहून त्यांनी १९६६ साली हृदयाला विजेचा धक्का देण्याचे यंत्रच गाडीत बसवले. रुग्णाला इस्पितळाकडे नेण्याऐवजी इस्पितळच थोडेसे रुग्णाकडे न्यायचे, असा तो विचार होता.

आज आपल्या देशातही रुग्णवाहिकांसाठी मानक ठरलेले आहे. एआयएस-१२५ असे त्याचे नाव. त्यात गाड्यांचे चार प्रकार सांगितले आहेत. नावे लक्षात राहिली नाहीत तरी चालेल, कामे लक्षात ठेवा.

'ए' प्रकार म्हणजे धावत येऊन पहिली मदत करणारे वाहन. रुग्णाला नेणे हे त्याचे काम नव्हे. मुंबईत २०१७ साली १०८ सेवेत ज्या मोटारसायकली आल्या, त्या याच विचाराने. गर्दीतून वाट काढत औषधे आणि ऑक्सिजन घेऊन पोचायचे, मागून मोठी गाडी येते.

'बी' प्रकार म्हणजे रुग्णाला नुसते नेण्या-आणण्याची गाडी. ज्याची प्रकृती वाटेत बिघडण्याची भीती नाही, त्याच्यासाठी.

'सी' प्रकारात प्राथमिक जीवरक्षक सोय असते. ऑक्सिजन, रक्तदाब आणि रक्तातला ऑक्सिजन पाहण्याची साधने, घशातला स्राव ओढून घेण्याचे यंत्र, मोडलेल्या हाडाला आधार देणाऱ्या पट्ट्या. 'बीएलएस' म्हणतात ती ही.

'डी' प्रकारात याशिवाय श्वास देणारा व्हेंटिलेटर, हृदयाचे ठोके दाखवणारा मॉनिटर, विजेचा धक्का देण्याचे यंत्र आणि तातडीची औषधे असतात. ही 'एएलएस', बोलीभाषेत 'कार्डिअ‍ॅक' गाडी.

आता तुम्ही म्हणाल, दरवेळी 'डी' बोलावली की झाले! तसे नाही, बरं का. ते पुढे येतेच.

कोणासाठी कोणती?

सासूबाईंच्या पायाचे प्लॅस्टर काढायला जायचे आहे, डायलिसिससाठी जायचे आहे किंवा शस्त्रक्रियेनंतर घरी आणायचे आहे, तर साधी 'बी' गाडी पुरे. तिथे यंत्रांचे भाडे भरण्यात अर्थ नाही. पाहायचे ते एवढेच की स्ट्रेचर नीट अडकते का, त्याला पट्टे आहेत का आणि सोबतच्या माणसाला बसायला धड जागा आहे का.

हाड मोडले, जिन्यावरून पडले, ताप चढून ग्लानी आली, दम लागला पण माणूस बोलते आहे, अशा वेळी 'सी' गाडी हवी. मान किंवा पाठ दुखावली असेल तर रिक्षात बसवून नेण्याचा मोह टाळा. वाकवल्याने मज्जारज्जूला इजा होऊ शकते.

छातीत दाबल्यासारखे दुखते आहे, दरदरून घाम सुटला आहे, श्वास घेता येत नाही, शुद्ध हरपली आहे किंवा एका इस्पितळाच्या अतिदक्षता विभागातून दुसऱ्यात न्यायचे आहे, अशा वेळी 'डी'. आणि माणूस निपचित पडले, श्वासच नाही, तर गाडीची वाट पाहत बसू नका. फोन करून लगेच छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी जोराने दाबू लागा, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हृदय थांबल्यावर काहीच केले नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता सात ते दहा टक्क्यांनी घटत जाते. गाडी कितीही चांगली असली तरी ती येईपर्यंतची मिनिटे आपल्याच हातात असतात.

सिलिंडरचे गणित

आमच्या आळीतल्या एका सुनेची गोष्ट सांगते. तिच्या सासऱ्यांना दम्याचा जुना विकार. एका संध्याकाळी तालुक्याच्या दवाखान्यातून त्यांना मिरजेला हलवायला सांगितले. बाहेर उभी असलेली एक खासगी व्हॅन घाईघाईने ठरली. आत स्ट्रेचर होते, ऑक्सिजन लावलेला होता. मागे रुग्णाजवळ कोण? ही एकटीच. निम्म्या वाटेत बाटलीतले बुडबुडे थांबले. तिने ड्रायव्हरला हाक मारली, तो म्हणाला, "असेल की ताई, आत्ताच तर लावलाय." सिलिंडर संपला होता. वाटेतल्या एका छोट्या दवाखान्यात गाडी वळवली म्हणून सासरे वाचले. नंतर ती मला म्हणाली, "बाई, घरचा गॅस आला की मी वजन करून घेते. मामंजींच्या सिलिंडरचा काटा मात्र पाहायचा असतो हे मला ठाऊकच नव्हते."

म्हणून हे गणित शिकून ठेवा, चौथीच्या मुलालाही येईल इतके सोपे आहे. गाडीत बहुधा असतो तो 'बी टाइप' सिलिंडर. भरलेला असला तर त्यात सुमारे १५०० लिटर ऑक्सिजन मावतो. रुग्णाला मिनिटाला ५ लिटर लागत असेल तर तो ३०० मिनिटे, म्हणजे पाच तास पुरतो. १० लिटर लागत असेल तर अडीच तास. १५ लिटर लागत असेल तर अवघी १०० मिनिटे. आणि काटा मध्यावर असेल तर हे सगळे निम्मे! मोठा 'जम्बो' सिलिंडर सुमारे ७००० लिटरचा असतो.

डॉक्टरांना विचारावे, "मिनिटाला किती लिटर लागेल?" ड्रायव्हरला विचारावे, "पोचायला किती वेळ?" आणि त्या वेळेच्या दुप्पट पुरेल एवढा ऑक्सिजन आहे ना, हे निघण्यापूर्वी पाहावे. वाटेत फाटक लागते, टायर बसतो, घाटात वाहने तुंबतात.

मोठी ती चांगली, असे नाही

आता मघाचा प्रश्न. व्हेंटिलेटरची मोठी गाडी शहरातून यायला चाळीस मिनिटे लागणार आणि साधी बीएलएस पाच मिनिटांत दारात येणार, तर काय करावे? साधी गाडी घ्यावी, जवळच्या सज्ज दवाखान्यात जावे, रुग्ण जरा स्थिरावला की पुढच्या प्रवासाला मोठी गाडी मागवावी. गावातल्या जुन्या पेठेत तर मोठी गाडी बोळात शिरतच नाही. तिथे कोपऱ्यापर्यंत न्यायला चार माणसे आणि एक जाड चादर आधीच तयार लागते.

काही दुखण्यांत गाडीच्या प्रकारापेक्षा घड्याळ मोठे. तोंड एका बाजूला वाकडे झाले, एक हात उचलत नाही, बोलणे अडखळते, ही पक्षाघाताची लक्षणे. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, तेही मेंदूचा सीटी स्कॅन झाल्यावर. म्हणून जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच न्यावे आणि लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली हे लिहून ठेवावे. सर्पदंशातही तेच. अवयव हलू न देता, मिळेल त्या वाहनाने, विषावरची लस असलेल्या जवळच्या दवाखान्यात. मांत्रिकाकडे नाही आणि खास गाडीच्या प्रतीक्षेतही नाही.

१०८ आणि १०२

१०८ ही सेवा प्रथम हैदराबादेत १५ ऑगस्ट २००५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात ती आली २०१४ साली. सुरुवातीला ९३७ गाड्या होत्या, त्यांतल्या २३३ एएलएस आणि ७०४ बीएलएस. म्हणजे दर चार गाड्यांत साधारण एकच मोठी! गाडीबरोबर डॉक्टर असावा, अशी आपल्या राज्यातल्या योजनेची रचना. या सेवेला पैसे पडत नाहीत. फोनवर आपण लक्षणे जितकी नेमकी सांगू तितकी योग्य गाडी ते पाठवू शकतात. नुसते "खूप सिरीयस आहे हो" म्हणण्यापेक्षा "वय ६८, छातीत दुखते, घाम आला आहे, शुद्धीवर आहेत" हे शतपट उपयोगी.

१०२ हा लेकी-सुनांच्या कामाचा क्रमांक. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात गरोदर बाईला सरकारी दवाखान्यात नेणे, गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात हलवणे आणि बाळंतपणानंतर घरी सोडणे, हे सारे मोफत आहे. आजारी तान्ह्या बाळालाही ही सोय मिळते. पण गरोदरपणी फार रक्त जात असेल किंवा झटके येत असतील तर १०८ लाच फोन करावा. तिला डाव्या कुशीवर निजवावे. तान्हे बाळ हलवताना त्याला ऊब हवी. खास पेटी नसली तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी घेऊन वरून पांघरावे.

विचारायला लाजू नका

खासगी गाडी ठरवताना पाच प्रश्न विचारावेत. गाडी कोणत्या प्रकारची आहे? मागे रुग्णाजवळ शिकलेले कोण बसणार, डॉक्टर की परिचारिका? ऑक्सिजन किती भरलेला आहे? मॉनिटर, सक्शन चालू करून दाखवता का? आणि एकूण भाडे किती, परतीचे धरून की सोडून? भाडे ठरवून देण्याचे काम प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाचे असते, म्हणून "दरपत्रक दाखवा" म्हणायला संकोच नको. यंत्र असून चालवणारा नसेल, तर ती 'कार्डिअ‍ॅक' गाडी नुसत्या नावाचीच.

"बाईमाणसाने एवढे प्रश्न विचारावेत का?" असे कुणाच्या चेहऱ्यावर दिसले तर दिसू दे. या सगळ्याला दोन मिनिटे लागतात, तीही स्ट्रेचर जिन्यावरून उतरत असताना.

येत्या रविवारी एवढे मात्र करा. एका कागदावर १०८, १०२, जवळच्या दोन इस्पितळांचे फोन, सीटी स्कॅन कुठे आहे ते, घरातल्या प्रत्येकाचे रक्तगट, चालू औषधे आणि आपल्या घराची खूण लिहा. "मारुतीच्या देवळामागची डावीकडची गल्ली, तिसरे घर" अशी, परक्याला कळेल अशी खूण. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मुलांना आणि कामाला येणाऱ्या बाईंनाही दाखवून ठेवा, कारण त्या दुपारी घरात कोण असेल हे आधी सांगता येत नाही.