जीवनाची अक्षरमाला आणि संगणक

जुन्या पोथ्यांचें संशोधन करणारे पंडित एक रीत पाळीत असत. एकाच ग्रंथाच्या अनेक प्रती समोर मांडावयाच्या, ओळीखालीं ओळ धरावयाची, आणि कोठें अक्षर बदललें, कोठें गळलें, कोठें नवें शिरलें, हें बारकाईनें पाहावयाचें. संत एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ती अशाच परिश्रमानें. हीच रीत सजीवांच्या शरीरांतील लेखास लाविली आणि प्रती जुळविण्याचें काम संगणकावर सोंपविलें, म्हणजे जैवमाहितीशास्त्राचा पाया घातला गेला असें समजावें.

हा लेख कोणता? सजीवांच्या पेशींत डी.एन.ए. नांवाचा लांबच लांब धागा असतो. त्यांत चारच प्रकारचे घटक एकामागून एक गुंफलेले असतात. शास्त्रज्ञांनीं त्यांस ए, टी, जी व सी अशीं अक्षरें दिलीं आहेत. मनुष्याच्या एका संपूर्ण संचांत अशीं सुमारें ३०० कोटी अक्षरें आहेत. तीन अक्षरांचा एक शब्द धरिला, तर त्यावरून एक अमिनो आम्ल ठरतें; आणि वीस प्रकारच्या अमिनो आम्लांचे मणी ओवून जी माळ होते तिलाच प्रथिन म्हणतात. अन्न पचविणें, रक्तांतून प्राणवायु वाहून नेणें, रोगजंतूंशीं झुंजणें, हीं सर्व कामें प्रथिनांकडे आहेत.

फ्रेडरिक सँगर या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानें इन्शुलिनच्या ५१ मण्यांचा क्रम १९५५ पर्यंत पूर्ण लाविला. १९६५ मध्यें मार्गारेट डेहॉफ या अमेरिकन विदुषीनें ६५ प्रथिनांचे क्रम एका ग्रंथांत संगृहीत केले. पुढें या संग्रहाचा एवढा विस्तार झाला कीं, तो वाचून जुळविणें मनुष्याच्या आवांक्याबाहेर गेलें.

परंतु जुळवावयाचें तरी कशासाठीं? दोन प्रथिनांचे क्रम पुष्कळसे सारखे निघाले, तर तीं एकाच पूर्वजापासून आलीं असण्याचा संभव असतो, आणि त्यांचें कार्यहि बहुधा सारखें असतें. नीडलमन व वुन्श या शास्त्रज्ञांनीं १९७० मध्यें जुळणीची पद्धतशीर रीत दिली. अक्षर जुळलें कीं गुण द्यावे, न जुळल्यास कमी द्यावे, आणि मध्यें जागा सोडावी लागल्यास गुण कापावे. ज्या मांडणीस सर्वांत अधिक गुण, ती उत्तम. ही रीत अचूक खरी, पण मोठ्या संग्रहास फार मंद. म्हणून १९९० मध्यें ब्लास्ट नांवाची युक्ति निघाली. एखाद्या ओवीतला एकच ठळक शब्द आठवला, तरी सूचीवरून ती ओवी सांपडते. त्याचप्रमाणें ब्लास्ट प्रथम लहान लहान तुकडे जुळवितें, आणि जेथें जुळतें तेथूनच दोन्ही बाजूंस पुढें सरकतें. शिवाय अशी जुळणी निव्वळ योगायोगानें किती वेळां घडली असती, याचाहि आंकडा तें देतें.

या शोधाचें सामर्थ्य १९८३ मध्यें प्रत्ययास आलें. माकडांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाचा क्रम ज्ञात होता. दुसरीकडे, जखम भरतांना पेशींना वाढीची आज्ञा देणाऱ्या रक्तांतील एका प्रथिनाचा क्रम नुकताच हातीं आला होता. अमेरिकेंतील रसेल डूलिटल व लंडनमधील मायकेल वॉटरफील्ड यांच्या मंडळींनीं ते ताडून पाहिले, तों दोन्ही जवळजवळ एकच! कर्करोग म्हणजे बाहेरची कांहीं अद्भुत शक्ति नसून शरीराचीच वाढीची आज्ञा अवेळीं सुटलेली असूं शकते, हें त्यामुळें स्पष्ट झालें.

तथापि क्रम कळला म्हणजे सर्व कळलें असें नव्हे. माळ सरळ राहत नाहीं. ती गुंडाळून विशिष्ट आकार धारण करिते, आणि कार्य त्या आकारावर अवलंबून असतें. कुलपास किल्ली बसते ती आकारामुळेंच. माळ कोणत्या कोनांत वळूं शकते व कोणत्या नाहीं, याचा नकाशा मद्रास येथें जी. एन. रामचंद्रन् व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९६३ मध्यें प्रसिद्ध केला. आजहि प्रत्येक नवा आकार त्यावर तपासून घेतात. क्ष-किरणांनीं एकेक आकार उलगडण्यास वर्षें लागत. १९७१ मध्यें प्रथिनांच्या आकारांचा संग्रह सुरू झाला तेव्हां त्यांत सातच आकार होते. २०२० मध्यें अल्फाफोल्ड या संगणकी प्रणालीनें केवळ क्रमावरून पुष्कळ आकार आश्चर्यकारक अचूकपणें वर्तविले, आणि २०२४ चें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक या विषयास मिळालें.

वैद्यकांत याचा उपयोग काय? सिकलसेल या रोगांत हिमोग्लोबिनच्या जनुकांतील ए या एका अक्षराच्या जागीं टी येतो. त्यामुळें माळेंतील सहावा मणी बदलतो आणि गोल रक्तपेशी कोयत्यासारखी वांकते. गडचिरोली व नंदुरबारकडील आदिवासी समाजांत हा रोग बराच आढळतो. सदोष अक्षर आईबापांपैकीं एकाकडूनच आलें तर मूल केवळ वाहक होतें. दोघांकडूनहि आलें तर तें आजारी पडतें. म्हणून विवाहापूर्वीं तपासणी करून घेणें हिताचें. तसेंच, जानेवारी २०२० मध्यें नव्या करोना विषाणूचा सुमारें ३०,००० अक्षरांचा लेख प्रसिद्ध होतांच, तो २००२-०३ च्या सार्स विषाणूचा भाऊबंद असल्याचें ताडून कळलें, व प्रत्यक्ष विषाणु हातीं येण्यापूर्वींच लशीची आंखणी सुरू झाली.

मात्र एक सावधगिरी आवश्यक आहे. पोथ्यांचा संग्रह एकाच प्रांतांतला असेल, तर दुसऱ्या प्रांताचा रास्त पाठभेदहि लेखकाची चूक वाटतो. जगांतील मानवी जनुकांचे संग्रह पुष्कळ काळ मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांचेच होते. तेवढ्यावर विसंबल्यास भारतीय रोग्याच्या ठिकाणचा निरुपद्रवी भेद रोगाचें कारण ठरूं शकतो, अथवा खरें कारण नजरेआड होऊं शकतें. जानेवारी २०२५ मध्यें १०,००० भारतीयांच्या जनुकलेखांचा संग्रह संशोधकांस खुला झाला, त्याचें महत्त्व यांत आहे. संगणक साम्य दाखवितो. त्याचा अर्थ प्रयोगानें पडताळून पाहणें आणि मगच रोग्यास औषध देणें, हें काम अजून मनुष्याचेंच आहे.