इक्विव्हॅलंट वेट: 45 की 63?

आज कोडिंगला सुट्टी, केमिस्ट्री बोलूया. बारावीतल्या मावसभावाने विचारलं, "दादा, इक्विव्हॅलंट वेट म्हणजे नक्की काय रे?" आणि मला बीटेकच्या पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल आठवली.

कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाची नॉर्मॅलिटी काढायची होती. त्यासाठी आधी 250 मिली 0.1 नॉर्मल ऑक्झॅलिक ॲसिड बनवायचं. रेणुभार 90, सुटणारे हायड्रोजन दोन, म्हणून 45. मी बिनधास्त 1.125 ग्रॅम तोललं. फ्लास्कमध्ये 10 मिली ॲसिड, दोन थेंब फिनॉल्फ्थॅलिन, ब्युरेटमध्ये सोडा. शेजारच्याचा फ्लास्क 10 मिलीला गुलाबी झाला, माझा 7.1 लाच! मला वाटलं, माझी पिपेटच खराब आहे.

घोळ माझ्या आकडेमोडीत होता. बाटलीतल्या स्फटिकांत ऑक्झॅलिक ॲसिडच्या प्रत्येक रेणूसोबत पाण्याचे दोन रेणू असतात. म्हणजे भार 126, आणि निम्मे केले की 63. तोलायला हवं होतं 1.575 ग्रॅम. पाणी सोड्याशी लढत नाही, पण तराजूवर त्याचंही वजन भरतंच ना! सोड्याची नॉर्मॅलिटी मी 0.14 लिहिली, खरी होती 0.1. मार्क गेले ते गेलेच.

मुळात उदासिनीकरण म्हणजे जोड्या लावणं. आम्लाचा एक हायड्रोजन आयन, आम्लारीचा एक हायड्रॉक्साइड आयन, झालं पाणी. आम्लाच्या जेवढ्या ग्रॅममधून एक मोल हायड्रोजन आयन सुटतात, तेवढं त्याचं इक्विव्हॅलंट वेट. सल्फ्युरिक ॲसिड 98 भागिले 2, म्हणजे 49. कॉस्टिक सोड्याचं 40. म्हणून 49 ग्रॅम हे आणि 40 ग्रॅम ते एकमेकांना बरोब्बर संपवतात.

खरी गंमत फॉस्फोरिक ॲसिडची. भार 98, हायड्रोजन तीन, म्हणून सगळे 32.67 लिहून मोकळे. पण सोड्याने टायट्रेट करताना मिथिल ऑरेंजचा रंग बदलतो, तेव्हा एकच हायड्रोजन गेलेला असतो, म्हणजे 98. फिनॉल्फ्थॅलिन गुलाबी होईपर्यंत दोन जातात, म्हणजे 49. तिसरा इतका चिवट की साध्या टायट्रेशनमध्ये हाती लागतच नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर हा कॉन्स्टंट नाही, फंक्शन आहे. कुठली अभिक्रिया, ते आधी सांगावं लागतं.

"मग फॉस्फोरस ॲसिड?" भाऊ लगेच. त्यातही हायड्रोजन तीन, पण एक थेट फॉस्फरसला चिकटलेला, ऑक्सिजनला नाही. तो सुटतच नाही. 82 भागिले 2, उत्तर 41.