६४-बिट विंडोजवर टर्बो सी++

टर्बो सी++ ३.० हा डॉसच्या काळातील १६-बिट प्रोग्राम आहे. असे प्रोग्राम चालवणारा एनटीव्हीडीएम हा घटक ६४-बिट विंडोजमध्ये नसल्याने तो थेट सुरू होत नाही. डॉसबॉक्स हा एम्युलेटर जुना प्रोसेसर आणि डॉस या दोघांची नक्कल करतो. त्यात टर्बो सी++ चालतो.

मात्र तेथे मर्यादाही जुन्याच लागू होतात. ‘इंट’ २ बाइटचा, म्हणजे कमाल मूल्य ३२७६७. त्यामुळे ८ चे फॅक्टोरियल ४०३२० ऐवजी -२५२१६ दिसते आणि कंपायलर चूक दाखवत नाही. आजच्या संगणकावरील जीसीसीमध्ये ‘इंट’ ४ बाइटचा असल्याने उत्तर बरोबर येते. म्हणून प्रात्यक्षिकाचा प्रत्येक प्रोग्राम जीसीसीमध्येही चालवून उत्तरे ताडून पाहावीत.