खांद्याची कंडरा तुटली तर...

हमाली, बांधकाम, रंगकाम, सफाईकाम, धुणीभांडी ही सारी कामे खांद्याच्या जोरावर चालतात. तरीही खांदा दुखू लागला की आपल्या घरांत ‘वात आहे’ म्हणून बाम चोळण्यात महिने निघून जातात. काही वेळा हा उशीर महागात पडतो.

खांद्याच्या सांध्याभोवती चार स्नायू असतात. दोरीसारख्या कंडरांनी ते दंडाच्या हाडाला बांधलेले असतात. डॉक्टर यालाच ‘रोटेटर कफ’ म्हणतात. वय वाढेल तशा या कंडरा झिजतात. पडल्याने किंवा ओझ्याचा हिसका बसल्याने फाटतात. हात वर नेताना कळ येणे, रात्री त्या कुशीवर झोपता न येणे, हातातली ताकद जाणे ही त्याची लक्षणे. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये फाट दिसते.

ऑपरेशन केव्हा?

झिजेमुळे हळूहळू पडलेली किंवा अर्धवट फाट असेल, तर बहुधा आधी औषधे आणि सुमारे तीन महिने व्यायाम करून पाहतात. अनेकांना तेवढ्यावर आराम पडतो. मात्र पडल्यानंतर हात एकाएकी वर उचलेनासा झाला, तर लगेच हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. तुटलेली कंडरा आखडत जाते, स्नायूत चरबी साठते आणि मग ती शिवणे अवघड होते.

ऑपरेशनचे प्रकार

दुर्बिणीच्या पद्धतीत लहान छिद्रांतून काम होते. हाडात दोरा लावलेले बारीक खिळे बसवून कंडरा पुन्हा हाडाला बांधतात. उघड्या पद्धतीत काही सेंटीमीटरचा छेद घेऊन तेच काम करतात. ब्रिटनमध्ये पन्नाशीपुढील रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. दोन वर्षांनंतर दोन्ही पद्धतींच्या गुणात फरक आढळला नाही. म्हणून केवळ दुर्बिणीसाठी कर्ज काढण्याआधी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.

फाट फार जुनी आणि मोठी असेल, तर जमेल तेवढीच शिवतात किंवा पाठीच्या स्नायूची कंडरा वळवून लावतात. वयस्कर रुग्णाला कधी ‘उलटा’ कृत्रिम सांधा बसवतात. यात गोळ्याच्या जागी वाटी आणि वाटीच्या जागी गोळा येतो.

खरी कसोटी पुढे

ऑपरेशननंतर साधारण चार ते सहा आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो. मग सांगितल्याप्रमाणे व्यायाम. जड काम चार ते सहा महिने नाही. घाई केली तर शिवण पुन्हा फाटू शकते. विडी-सिगारेट आणि ताब्यात नसलेला मधुमेह यांमुळेही जखम नीट सांधत नाही.

एवढे दिवस घर कसे चालणार, याचा विचार आधीच करावा. ईएसआय कार्ड असलेल्यांनी रजेच्या भत्त्याची चौकशी करावी. कामावर अपघात झाला असेल, तर त्याची लेखी नोंद त्याच दिवशी करून घ्यावी. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना कामगारांच्या आरोग्य विम्याची आखणी झाली आणि १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. हा भत्ता मालकाची मेहेरबानी नव्हे, आपला हक्क आहे. इतरांनी महात्मा फुले जन आरोग्य योजनेत आपले ऑपरेशन बसते का, हे रुग्णालयातील योजनेच्या कक्षात विचारावे.

घरच्यांनाही एक विनंती. ऑपरेशन आईचे किंवा सुनेचे असेल, तर पाण्याचा हंडा आणि कपड्यांची बादली तेवढे महिने घरातल्या पुरुषांनी उचलावी. शिवलेली कंडरा टिकण्यासाठी तेही औषधाइतकेच गरजेचे आहे.