जक्कयाचा हिशेब

यरीहोचा जक्कय हा मुख्य जकातदार. रोमन सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करता करता तो गबर झालेला. येशू गावातून चालला आहे हे कळल्यावर हा बुटका माणूस उंबराच्या झाडावर चढून बसला. येशूने त्याला खाली बोलावले आणि आज मुक्काम तुझ्याच घरी, असे सांगितले. पाप्याच्या घरी पाहुणा गेला म्हणून गावकरी कुरकुरले. लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातली ही गोष्ट रविवारच्या शाळेत जाणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती मुलाला ठाऊक असते. मुलांच्या लक्षात झाड राहते. मला मात्र जक्कयाचे बोलणे फार मोलाचे वाटते. त्यात रडणे नाही, छाती पिटणे नाही, हिशेब आहे: अर्धी मालमत्ता गोरगरिबांना आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत.

आधी स्वीकार झाला, मग परतफेड. येशू घरी आला तेव्हा जक्कयाने एक पैसाही परत केलेला नव्हता. ख्रिस्ती पश्चात्तापातली ही दोन टोके, देवाची विनामूल्य क्षमा आणि ज्याचे नुकसान झाले त्याचे देणे, गेली दोन हजार वर्षे एकमेकांना ओढत आली आहेत. माझ्या मते चर्चचा तोल जेव्हा जेव्हा गेला, तेव्हा दुसऱ्या टोकाचा विसर पडल्यामुळेच गेला.

पण नुसती परतफेडही पुरत नाही, हे येशूला धरून देणाऱ्या यहूदा इस्कर्योतच्या कथेत दिसते. मत्तय सांगतो की, त्याने चांदीची तीस नाणी मुख्य याजकांकडे परत नेली आणि आपण निर्दोष माणसाला धरून दिले, अशी कबुलीही दिली. त्याचे आम्हाला काय, असे म्हणून याजकांनी त्याला झिडकारले. त्याने नाणी मंदिरात फेकली आणि गळफास घेतला. येशूला पकडले त्याच रात्री पेत्र या शिष्यानेही गुरूला तीनदा नाकारले होते. तोही ढसाढसा रडला, पण जगला. पुढे तिबिर्या सरोवराच्या काठी पुनरुत्थित येशूने त्याला तीनदा प्रेमाविषयी विचारले आणि तीनही वेळा मेंढरे सांभाळण्याचे काम सोपवले. यहूदाला कबुली ऐकून घेणारे कोणी मिळाले नाही. पेत्राला मिळाले, आणि वर आयुष्यभराची जबाबदारीही मिळाली.

सुरुवातीच्या शतकांत बाप्तिस्म्यानंतर खून, व्यभिचार किंवा धर्मत्याग घडला तर प्रायश्चित्त चारचौघांत करावे लागे, तेही आयुष्यात एकदाच. त्यातून सम्राटही सुटला नाही. इ. स. 390मध्ये थेस्सलनीकात जमावाने एका सेनाधिकाऱ्याला मारले. त्याचा सूड म्हणून सम्राट थिओडोसियसच्या सैन्याने हजारो नागरिकांची कत्तल केली. मिलानचे बिशप अँब्रोज यांनी त्याला पत्र लिहून सुनावले की, प्रायश्चित्त केल्याशिवाय तुझ्यासमोर मी वेदीवर अर्पण करणार नाही. सम्राटाने राजवस्त्रे उतरवून मंदिरात सर्वांसमक्ष क्षमा मागितली. सत्ताधीशाला असे सांगणारा धर्मगुरू आजही दुर्मीळच. तरी ही कथा शतकानुशतके सम्राटाच्या नम्रतेची म्हणून सांगितली गेली, थेस्सलनीकाच्या विधवांची म्हणून नाही.

पुढचा प्रवास झपाट्याने सांगण्यासारखा आहे. सहाव्या शतकापासून आयरिश मठवासींनी खासगी आणि पुन्हा पुन्हा करता येणारे पापनिवेदन युरोपभर नेले. कोणत्या पापाला किती दिवस उपवास, याची कोष्टके तयार झाली. 1215च्या चौथ्या लॅटरन परिषदेने वर्षातून निदान एकदा पापनिवेदन सक्तीचे केले. पुढे पैसे घेऊन पापाच्या शिक्षेत सूट देणाऱ्या दंडमाफीचा बाजार भरला. 1517मध्ये मार्टिन ल्यूथर यांनी आपल्या 95 सिद्धांतांपैकी पहिल्यातच ख्रिस्ती माणसाचे सबंध आयुष्य पश्चात्तापाचे असावे, अशी मांडणी केली. कॅथलिक बाजूने 1551मध्ये ट्रेंटच्या परिषदेने अनुताप, निवेदन आणि भरपाई ही पश्चात्ताप करणाऱ्याची तीन कृत्ये ठरवून दिली. गोव्यात ज्या पापनिवेदनाला कुमसार म्हणतात, त्याची आजची घडण बरीचशी या परिषदेतली.

भरपाई म्हणजे नेमके काय, हे मात्र ज्याने अंगावर घेऊन दाखवले तो माणूस होता बार्तोलोमे दे लास कासास. स्पेनमधून कॅरिबियन बेटांवर गेलेला हा धर्मगुरू स्वतः मूलनिवासी लोकांच्या वेठबिगारीवर जगणारा जमीनदार होता. 1514मध्ये क्युबात पेंटेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करताना सिराखच्या ग्रंथातला 34वा अध्याय त्याच्यासमोर आला. गरिबांना लुबाडून देवाला वाहिलेले अर्पण हे रक्तपातासारखे आहे, असा त्याचा आशय. लास कासास यांनी आपल्या ताब्यातली माणसे सोडून दिली आणि मगच प्रवचन केले. तीस वर्षांनी ते मेक्सिकोतल्या चियापासचे बिशप झाले, तेव्हा लुटीवर जगणाऱ्या मालकांना, मूलनिवासींचे देणे दिल्याशिवाय पापक्षमा मिळणार नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली. पुढे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंसाठी त्यांनी याचे नियमच लिहून काढले: मरणाच्या दारातल्या मालकानेही नोटरीसमोर दास मुक्त करावेत, लुटलेली संपत्ती परत करण्याची लेखी हमी द्यावी. त्यांच्या या भूमिकेमुळे मालक आधीच खवळले होते, दंगल उसळली होती आणि बिशपना आपले ठाणे सोडावे लागले होते. धर्माच्या इतिहासात इतके धीट कागद मला फार थोडे दिसतात. याच लास कासास यांनी पूर्वी मूलनिवासींचे हाल कमी व्हावेत म्हणून आफ्रिकी गुलाम आणण्याची शिफारस केली होती. तीही घोर चूक होती, हे त्यांनी म्हातारपणी आपल्या इतिहासग्रंथात लिहून ठेवले.

पश्चात्तापाला वेळ लागतो. इंग्रज खलाशी जॉन न्यूटन 1748च्या वादळात देवाकडे वळले, पण त्यानंतरही 1754पर्यंत गुलामांच्या जहाजांवर काम करतच राहिले, कप्तानही झाले. त्या व्यापाराविरुद्धची जाहीर कबुली छापायला 1788 उजाडले. वादळापासून चाळीस वर्षे! आपल्याकडे पंडिता रमाबाईंनीही हे प्रामाणिकपणे नोंदवले आहे. 1883मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतल्यावर ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त गवसायला आणखी काही वर्षे जावी लागली, असा त्यांचा अनुभव. त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये 1905च्या जूनअखेरीस मुलींमध्ये पश्चात्तापाची लाट आली. मुली रडत, मोठ्याने प्रार्थना करत, पापे कबूल करत. त्यांतल्या कितीतरी दुष्काळातून आणि समाजाच्या क्रौर्यातून वाचलेल्या. त्या कबुल्यांबद्दल वाचताना मला वाटते, ज्यांनी त्यांना टाकले त्यांनी किती अश्रू ढाळले असतील?

हा प्रश्न विसाव्या शतकात जाहीरपणे विचारला गेला. 1990च्या नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत रस्टेनबर्ग इथे चर्चची परिषद भरली. वर्णभेदाला बायबलचा आधार पुरवणाऱ्या डच रिफॉर्म्ड चर्चचे विली योंकर हे धर्मशास्त्राचे प्राध्यापक तिथे उभे राहिले आणि त्यांनी स्वतःची व आपल्या समाजाची चूक कबूल केली. आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी ती कबुली तिथेच स्वीकारली. पुढे वर्णभेदाच्या काळातले अत्याचार तपासायला टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य आणि सलोखा आयोग बसला. पीडितांना 2003मध्ये सरकारकडून एकदाच 30,000 रँड मिळाले, आयोगाने सुचवलेल्या रकमेपेक्षा पुष्कळच कमी. क्षमा उदार होती, परतफेड कंजूष.

पोप फ्रान्सिस 2022मध्ये मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांतल्या अत्याचारांबद्दल क्षमा मागायला कॅनडात गेले. नुसत्या शब्दांवर तिथले लोक थांबले नाहीत. ज्या पोपपत्रांनी परक्या भूमी बळकावायला आशीर्वाद दिला, त्यांचे काय, असे त्यांनी विचारले. 30 मार्च 2023 रोजी व्हॅटिकनने परक्या भूमीवर असा हक्क सांगणारा सिद्धांत आपला नसल्याचे जाहीर केले. त्या निवेदनात उल्लेख असलेल्या पत्रांपैकी 1452 आणि 1455ची पत्रे पोर्तुगालच्या राजाला दिलेली होती. त्याच राजसत्तेच्या जहाजांबरोबर गोव्यात आणि वसईत चर्च आले. त्याबरोबर शिक्षण, औषधोपचार आणि फादर स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’ची मराठी आली, तसेच देवळांचा विध्वंस आणि 1560पासून 1812पर्यंत, मधली थोडी वर्षे सोडता, चाललेले धर्मन्यायालयही आले. आपल्या चर्चमधून जक्कयाचा उतारा वाचला जातो, तेव्हा प्रवचनात हाही हिशेब मांडला जावा, अशी माझी मनापासून इच्छा आहे. मोडलेल्या देवळांच्या गावांची नावे व्यासपीठावरून घेतली जावीत, आणि त्या गावांतली आजची माणसे ऐकायला समोर बसलेली असावीत.