मुळांना हवी हवा

घरातले ऑर्किड मरते ते बहुतेक वेळा पाण्याच्या अतिरेकाने. रोपवाटिकेतून किंवा कुणी भेट दिलेले फॅलेनॉप्सिस घरी येते तेव्हा फुलांनी लगडलेले असते. ती फुले दोन-दोन महिने टिकतात. मग ती गळतात, पाने जरा मलूल दिसू लागतात आणि घरचे माणूस काळजीपोटी रोज पाणी घालू लागते. पाने आणखी सुरकुततात, म्हणून आणखी पाणी. तोवर मुळे कुजलेली असतात आणि कुजलेल्या मुळाला पाणी शोषता येत नाही. ओल्याकच्च कुंडीत झाड तहानेने जाते.

अशी कुंडी एकदा उपडी करून पाहावी. मुळांच्या मधोमध घट्ट दाबून भरलेले स्फॅग्नम शेवाळ हाताला गार लागते, त्याला कुबट वास येत असतो. तपकिरी पडलेले मूळ चिमटीत धरून ओढले की वरची साल मोज्यासारखी सरकून निघते आणि आतला बारीक दोरा तेवढा उरतो. ही साल म्हणजे वेलामेन, मृत पेशींचा स्पंजासारखा थर. पावसाची सर आली की तो क्षणात पाणी टिपून घेतो आणि मुळाला हळूहळू पुरवतो. कोरडा असतो तेव्हा त्यात हवा भरलेली असते, म्हणून मूळ रुपेरी दिसते. भिजला की पारदर्शक होतो आणि आतला हिरवा रंग वर येतो. पाणी कधी घालायचे याचे उत्तर इथेच आहे. पारदर्शक कुंडीतून मुळे हिरवी दिसत असतील तर थांबावे, रुपेरी झाली की सकाळच्या वेळी भरपूर पाणी घालून ते पुरते निथळू द्यावे. ‘आठवड्यातून दोनदा’ हा रोपवाटिकेत मिळणारा सल्ला मला निरुपयोगी वाटतो. जुलैतला आठवडा वेगळा आणि एप्रिलमधला वेगळा.

ही मुळे जिथे घडली ती जागा आपल्याला परकी नाही. कोकणात आणि सह्याद्रीत मे-जूनच्या सुमारास आंब्या-फणसाच्या खोडांवर सीतेची वेणी हे ऑर्किड फुलते. पांढऱ्या-जांभळ्या फुलांचे गच्च घोस पानांच्या बगलेतून खाली लोंबत असतात. हेच फूल आसामात कोपौ म्हणून ओळखले जाते आणि रोंगाली बिहूत बायका ते केसांत माळतात. काही जण सीतेच्या वेणीला बांडगूळ समजतात आणि आंब्याचा रस पिते म्हणून कोयत्याने छाटून टाकतात. हा तिच्यावर निव्वळ अन्याय आहे. बांडगूळ फांदीच्या आत शिरून झाडाचे पाणी ओढते. सीतेची वेणी सालीला नुसती बिलगून राहते. तिची जाड, करडी मुळे खोडावर दूरवर पसरतात, सालीच्या खाचांतून जातात, काही तर हवेतच लोंबतात. तिचे पाणी पावसाचे आणि धुक्याचे. तिचे खत म्हणजे खोडावरून ओघळणारी धूळ, सुकलेला पाला, पक्ष्यांची शीट. चार महिने ती रोज चिंब भिजते, तरी कुजत नाही, कारण पाऊस उघडला की वारा तिला कोरडी करतो.

युरोपला ही गोष्ट उमगायला बराच काळ लागला. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या धनिकांना ऑर्किडचे वेड लागले आणि उष्ण प्रदेशांतून पेट्याच्या पेट्या जहाजांनी जाऊ लागल्या. उष्ण कटिबंध म्हणजे बाराही महिने दमट भट्टी, अशी तिथल्या माळ्यांची समजूत होती. काचघरे बंद ठेवून, शेगड्या पेटवून, वाफ कोंडून त्यांनी असंख्य झाडे मारली. डर्बीशायरमधल्या चॅट्सवर्थचा मुख्य माळी जोसेफ पॅक्स्टन याने खिडक्या उघडल्या, तापमान उतरवले, वारा खेळता ठेवला आणि तिथली झाडे तगली. मधल्या काळात जंगले मात्र ओरबाडली जात होती. जोसेफ हूकर १८५० साली खासी टेकड्यांत निळ्या वांडा ऑर्किडच्या राईत पोचला. क्यूच्या उद्यानासाठी त्याने सात हमालांची ओझी भरून झाडे गोळा केली. त्यातली फारच थोडी इंग्लंडला जिवंत पोचली, हे त्यानेच आपल्या प्रवासवर्णनात लिहून ठेवले आहे. इतक्या मोठ्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हातून हे झाले, मग पैशासाठी झाडे गोळा करणाऱ्यांनी काय केले असेल!

ही लूट थोपवण्याचा मार्ग प्रयोगशाळेतून निघाला. ऑर्किडचे बी धुळीसारखे असते. एका बोंडात ते हजारोंनी, कधी लाखांनी भरते, पण बाळाला शिदोरी म्हणून त्यात अन्नसाठाच नसतो. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ साली दाखवून दिले, की विशिष्ट बुरशी आत शिरली आणि तिने अन्न पुरवले तरच ते रुजते. पुढे १९२२ साली अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठात लुईस नुडसनने बुरशीला बाजूला ठेवून, साखर आणि क्षार मिसळलेल्या आगरवर काचेच्या बाटलीत बी रुजवले. १९६० साली फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेलने कोंबाच्या टोकाच्या इवल्या तुकड्यापासून सिंबिडियमची रोपे वाढवण्याची रीत मांडली. आज दादर-पुण्याच्या रोपवाटिकांत फॅलेनॉप्सिस दिसते ते या बाटल्यांमुळे.

घरात काय लावावे, हे राहता ते गाव ठरवते. मुंबई, ठाणे, कोकण आणि गोव्याची दमट हवा डेंड्रोबियमच्या संकरित जातींना मानवते. त्यांना उजेड भरपूर लागतो. पूर्वेच्या गॅलरीत सकाळचे दोन-तीन तास ऊन आणि पुढे हिरव्या जाळीची सावली मिळाली तर त्या उन्हाळ्यातही फुलतात. फॅलेनॉप्सिस मूळचे आग्नेय आशियातल्या जंगलांतले, झाडांच्या सावलीत वाढणारे. त्याला खिडकीतला गाळीव उजेड पुरतो. पान गडद हिरवे होऊन लांबट, लुळे पडत असेल तर उजेड कमी, पिवळट होत असेल तर जास्त.

फॅलेनॉप्सिस पुन्हा फुलत नाही, ही तक्रार फार ऐकू येते. त्यावर खतांचे नाना प्रकार सुचवले जातात. खरी कळ असते तापमानात. पारा सतत २८ अंशांच्या वर राहिला तर हे झाड पानेच काढत बसते. काही आठवडे साधारण २५ अंशांच्या खालची हवा मिळाली की पानाच्या बुडाशी दांडा फुटतो. मुंबईत अशा रात्री डिसेंबर-जानेवारीतच मिळतात, म्हणून त्या दिवसांत झाड एसीच्या झोतापासून दूर, उघड्या खिडकीपाशी ठेवावे. कोवळा दांडा आणि नवे मूळ सुरुवातीला सारखेच दिसतात. मुळाचे टोक गुळगुळीत आणि गोलसर असते, दांड्याचे जरा चपटे, बोटमोज्याच्या टोकासारखी घडी असलेले. कळ्या धरल्यावर कुंडी फिरवू नये, उजेडाची दिशा बदलली की दांडा वाकडा होतो.

पुण्याला फॅलेनॉप्सिसला हवी ती थंडी सहज मिळते, पण मार्च ते मे हवा इतकी कोरडी होते की मुळांची टोके सुकतात. तिथे परातीत खडे आणि पाणी घालून वर कुंड्या ठेवाव्यात, कुंडीचा तळ मात्र पाण्याला टेकता कामा नये. विदर्भातल्या ४५ अंशांच्या मे महिन्यात गॅलरीतले ऑर्किड वाचवणे अवघड. तिथे झाड घरात, कूलरच्या ओलाव्यात ठेवणे बरे.

मातीचा इथे काही संबंध नाही. नारळाच्या सोडणाचे दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे, लोणारी कोळसा आणि विटांचे तुकडे एवढ्यावर काम भागते. सोडणात क्षार असतात, म्हणून ते चार-पाच दिवस पाणी बदलत भिजवून घ्यावे. कोकणात मी कोळशाचा वाटा वाढवीन, पुण्यात सोडणाचा. दोन-अडीच वर्षांत सोडण कुजून बारीक होते आणि हवेच्या वाटा बुजतात, तेव्हा फुले ओसरल्यावर कुंडी बदलावी. खत म्हणून विद्राव्य १९:१९:१९ एका लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम, तेही नवी मुळे-पाने फुटत असतानाच. मेलेले मूळ कापताना कात्री ज्योतीवर तापवून घ्यावी. ऑर्किडचे विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर जातात ते अनेकदा कात्रीमार्फतच.

पावसाळ्यात फॅलेनॉप्सिस छपराखाली आणावे. त्याच्या पानांच्या मधोमध पाणी साचले की शेंडा सडतो, आणि शेंडा एकच असल्याने झाडच संपते. रात्री बॅटरी घेऊन एक फेरी मारावी. गोगलगायी कोवळ्या मुळांची हिरवी टोके नेमकी हेरून खातात. पावसाळा सरला की पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण शोधावेत. सुरुवातीला ते कापसाच्या बोळ्याने पुसूनही जातात.

आपल्या रानातल्या ऑर्किडबद्दलही सांगायला हवे. खंडाळ्याच्या वनस्पतींचा अभ्यास करणारे, मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे फादर सांतापाव आणि त्यांचे सहकारी कापडिया यांनी १९६६ साली मुंबई इलाख्यातल्या ऑर्किडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातल्या कितीतरी जाती आपल्या हवेत शतकानुशतके मुरलेल्या आहेत. डेंड्रोबियम बार्बाट्युलम हिवाळ्यात पाने टाकून निव्वळ कांड्यांवर उभे राहते आणि फेब्रुवारीच्या आसपास त्या उघड्या कांड्यांवर पांढरी फुले येतात. त्याला त्या काळात पाणी घातले तर ते बिघडते. हे वेळापत्रक पाळायला माळी तयार असतात, पण रोपे कुठून आणायची? साइट्स करारान्वये सगळ्या ऑर्किडांचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रित आहे, तरी घाटरस्त्याच्या कडेला खोडापासून सोलून काढलेली झाडे विकायला आलेली दिसतात. ती घेऊ नयेत. मुळे तुटलेले झाड बहुधा जगत नाही, आणि आपण एक घेतले की विकणारा आणखी दोन सोलतो. वळवाच्या वाऱ्याने मोडून पडलेल्या फांदीवर सीतेची वेणी दिसली, तर सुतळीने ती जवळच्याच उभ्या आंब्याला, पावसाच्या बाजूला बांधावी. एका पावसाळ्यात मुळे साल धरतात.

नुडसनची रीत आता शंभर वर्षांची झाली आहे. ऊतीसंवर्धनाच्या प्रयोगशाळा राज्यात ठिकठिकाणी आहेत, केळीची रोपे त्यांतूनच शेतकऱ्यांकडे जातात. सीतेच्या वेणीच्या बोंडातले बी अशाच बाटल्यांत रुजवले, तर तिची रोपे फॅलेनॉप्सिसच्या शेजारी रोपवाटिकेत मिळू शकतील, आणि रानातल्या झाडाला कुणी हात लावायचे कारण उरणार नाही. कृषी विद्यापीठांनी आणि खासगी रोपवाटिकांनी हे काम हाती घ्यावे. गिऱ्हाईक म्हणून आपणही प्रत्येक वेळी रोपवाटिकेत सीतेची वेणी मागावी, आणि दाखवली तर ती बाटलीतली की रानातली, हे विचारून घ्यावे.